स्विमिंग टँक पुन्हा पुन्हा हिरवा पडतोय? क्लोरीन वाढवण्याआधी गोळीच्या डब्यावरचं लेबल वाचा

मार्च संपत आला की कोल्हापूरच्या आसपासच्या फार्महाउसवरनं एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "परवाच क्लोरीन टाकलंय, काल पाणी बरं होतं, आज परत हिरवं." पन्हाळा रोड असो, कळंबा असो नाहीतर गगनबावड्याच्या वाटेवरचा एखादा मळा असो, तक्रार तीच. मग कुणाचं तरी ऐकून मोरचूद पडतं, तुरटी पडते, दुकानदारानं दिलेली निळी बाटली ओतली जाते. चार दिवस बरे जातात आणि नेमकं रविवारी पाहुणे यायच्या वेळी तळ दिसेनासा होतो.

टँकच्या देखभालीचं काम करताना माझं मत आता पक्कं झालंय. एकदाच हिरवा पडलेला टँक आणि दर आठवड्याला हिरवा पडणारा टँक हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात क्लोरीन कमी पडलेलं असतं. दुसऱ्यात क्लोरीन बहुतेक वेळा असतं, पण ते बांधलं गेलेलं असतं, आणि बांधणारी वस्तू आपणच दर आठवड्याला पाण्यात सोडत असतो. ती म्हणजे क्लोरीनची गोळी. ते कसं हे पुढं सविस्तर लिहितोय, पण त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात, नाहीतर भलत्याच रोगाला औषध दिल्यासारखं होतं.

हिरवं म्हणजे नेमकं कसलं हिरवं

टँकच्या कडेला उभं राहून तळ बघा. पाणी हिरवट आहे पण तळाच्या फरशीचे सांधे स्पष्ट दिसताहेत, तर ते शेवाळ नव्हे. ते बहुतेक तांबं किंवा लोखंड. तांबं येतं मोरचुदातनं किंवा तांब्यावर चालणाऱ्या अल्जिसाइडमधनं (शेवाळ मारायच्या औषधातनं). लोखंड येतं बोअरमधनं. भरताना पाणी एकदम नितळ असतं, क्लोरीन पडलं की रंग बदलतो आणि मालकाला वाटतं क्लोरीनच खराब निघालं.

खात्री करायची तर पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी घ्या, त्यात थोडं लिक्विड क्लोरीन घाला आणि बाजूला ठेवून द्या. हिरवेपणा उतरला तर शेवाळ. पाणी तपकिरी, गंजासारखं झालं तर लोखंड. लोखंडवाल्या पाण्यात क्लोरीनचा मारा केला की फरशीवर डाग बसतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून ही बादली आधी.

पाणी गढूळ हिरवं असेल, भिंत हाताला बुळबुळीत लागत असेल, पायऱ्यांच्या आणि शिडीमागच्या कोपऱ्यात जास्त साचलं असेल, तर शेवाळच. सावलीकडच्या भिंतीवर पिवळसर भुकटी दिसते, ब्रश मारला की उडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन बसते, तेही शेवाळच. फक्त जात चिवट. दुधाळ पांढरं पाणी हा वेगळा विषय आहे, त्यावर पुढं दोन ओळी येतीलच.

एक मात्र ठाम सांगतो. तळ दिसत नसेल तर पोरांना पाण्यात सोडू नका. आजाराची गोष्ट नंतर. चार फूट हिरव्या पाण्यात बुडालेलं लेकरू वरनं दिसत नाही.

टेस्ट किट काय सांगतंय आणि काय सांगत नाही

स्वस्तातल्या किटमध्ये दोन बाटल्या असतात: एकानं पाणी पिवळं होतं, दुसऱ्यानं लाल. लाल म्हणजे पीएच, पाणी किती आंबट किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा. पिवळ्यातली गोम अशी की तो ओटीओचा थेंब पाण्यातलं एकूण क्लोरीन दाखवतो. त्यात मोकळं क्लोरीन किती आणि घाम, लघवी, तेल यांच्याशी जोडलं जाऊन निकामी झालेलं किती, हे त्यातनं कळत नाही. पाणी मस्त पिवळं होतं, आपण निर्धास्त होतो, आणि शेवाळ आपलं काम करत राहतं.

मोकळं क्लोरीन बघायचं तर डीपीडीचं किट घ्या, ज्यात पाणी गुलाबी होतं. त्यातही एक फसवणूक आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येतो आणि जातो, नळी पारदर्शक राहते. माणूस म्हणतो, "क्लोरीन शून्य आहे," आणि आणखी ओततो. थेंब टाकताना नळीकडं बघत राहा. गुलाबी चमकून गेला तर टँकचं पाणी निम्मं आणि साधं बाटलीबंद पाणी निम्मं घेऊन पुन्हा करा, येईल त्याच्या दुप्पट धरा. क्लोरीन असं चढलेलं असताना पीएचचा आकडाही खोटा, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त येतो. तेव्हा त्या दिवशी ॲसिड ओतायची घाई करू नका.

तिसरी टेस्ट आपल्याकडं जवळजवळ कुणीच करत नाही आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. ती म्हणजे गोळीतनं पाण्यात उतरणाऱ्या सायनुरिक ॲसिडची. किटमध्ये तळाला काळा ठिपका असलेली नळी येते. टँकचं पाणी आणि औषध सम प्रमाणात मिसळून थोडं हलवलं की ते दुधट होतं. मग ते मिश्रण नळीत हळूहळू ओतत वरनं बघायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून बाजूचा आकडा वाचायचा. उघड्यावर, सूर्याकडं पाठ करून, नळी कमरेपाशी धरून करा. डोळ्यांजवळ धरली तर ठिपका उगीचच जास्त वेळ दिसत राहतो. किट 100 पर्यंतच वाचतं. थोडंसं ओतताच ठिपका गेला तर आकडा शंभराच्या वर आहे. टँकचं पाणी निम्मं करून पुन्हा टेस्ट करा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

गोळी काय करते

क्लोरीनला ऊन सोसत नाही. सायनुरिक नसलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त क्लोरीन भर उन्हात तासाभरात उडून जातं. सायनुरिक ॲसिड क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. म्हणून उघड्यावरच्या टँकमध्ये 30 ते 50 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) सायनुरिक पाहिजेच. इथपर्यंत ठीक.

पण धरून ठेवलेलं क्लोरीन मोकळ्यासारखं काम करत नाही. सायनुरिक जितकं जास्त, तितकं तेवढ्याच कामाला क्लोरीन जास्त लागतं. मोकळं क्लोरीन सायनुरिकच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असा ढोबळ हिशोब धरतात. सायनुरिक 40 असेल तर 3 पीपीएम क्लोरीनवर टँक शांत राहतो. तेच 150 झालं की किमान 11 लागतं. डब्यावर "2 ते 3 पीपीएम ठेवा" असं लिहिलेलं असतं आणि आपण इमानदारीनं 3 ठेवतो. किट पास, टँक नापास.

हे 150 येतं कुठनं? बाजारातली पांढरी गोळी म्हणजे ट्रायक्लोर, टीसीसीए 90. तिच्यात क्लोरीन आणि सायनुरिक एकाच रेणूत असतात. गोळी विरघळली की क्लोरीन वापरलं जातं, सायनुरिक मागं राहतं. ते उन्हानं उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, पाणी वाफेनं गेलं तरी टँकमध्येच राहतं. पाणी बाहेर काढणं हाच त्याचा रस्ता.

आकडे मांडून बघू. 20 फूट लांब, 10 फूट रुंद, सरासरी 4 फूट खोल असा घरगुती टँक धरा. 800 घनफूट, म्हणजे साधारण 22,650 लिटर. एक हजार लिटरला एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं गणित तोंडी होतं. 200 ग्रॅमची एक गोळी या टँकला जवळपास 8 पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत 5 पीपीएम सायनुरिक. उन्हाच्या दिवसांत टँक रोज 2-3 पीपीएम क्लोरीन खातो, म्हणजे आठवड्याला दोन गोळ्या तर जाणारच. आठवड्याला 10 पीपीएम सायनुरिक. डिसेंबरच्या सुरुवातीला नवीन पाणी भरलं असेल तर मार्चअखेर आकडा दीडशेच्या पार. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना, थोडं जातं, पण ते थोडंच. एप्रिलचे फोन का येतात ते आता कळलं असेल.

वर शॉक पावडर म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच डायक्लोर असतं. ते तर आणखी वाईट: 10 पीपीएम क्लोरीनमागं 9 पीपीएम सायनुरिक. म्हणजे हिरवं घालवायला टाकलेली पावडर पुढच्या महिन्याचं हिरवं पेरून ठेवते. म्हणून लेबल वाचा. घटकांच्या नावात "आयसोसायन्युर" असं कुठंही आलं, ट्रायक्लोर असो वा डायक्लोर, तर त्यात सायनुरिक आहे. "सोडियम हायपोक्लोराइट" किंवा "कॅल्शियम हायपोक्लोराइट" असेल तर नाही.

गोळी वाईट वस्तू आहे असं मला म्हणायचं नाही. आठ दिवस गावाला जायचं असेल तर फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत) गोळी टाकून जाण्यासारखं सोपं दुसरं काही नाही. वर्षभर निव्वळ गोळीवर टँक चालवणं, ही खरी चूक.

"आमच्या विहिरीला कुठं कोण क्लोरीन घालतंय? पोरं तिथंच पोहायला शिकली," असं मळ्यातला एखादा जाणता काका हमखास ऐकवतो. काका चुकीचं बोलत नाहीत. पण विहिरीला झरे असतात, मोटरनं रोज पाणी उपसलं जातं, नवीन येत राहतं. टँकला झरा नाही. त्यात जे पडलं ते आपण काढेपर्यंत तिथंच.

उपाय: आधी पाणी काढा, मग क्लोरीन

सायनुरिक 150 वरनं 40 वर आणायचं तर जवळपास पाऊण टँक पाणी बदलावं लागतं. वरच्या उदाहरणात सोळा-सतरा हजार लिटर. ऐकून जीव वर येतो, कबूल. एप्रिलमध्ये एवढं पाणी ओतायचं म्हणजे मालकाच्या कपाळाला आठ्या पडतातच. पण दुसऱ्या बाजूचा खर्च बघा. शेवाळ मारायला क्लोरीन सायनुरिकच्या साधारण 40 टक्के चढवावं लागतं आणि तिथंच धरून ठेवावं लागतं. सायनुरिक 150 असेल तर 60 पीपीएम, म्हणजे या टँकला एका चढवणीला साडेतेरा लिटर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे लिक्विड क्लोरीन), आणि पुढं रोज भर. सायनुरिक 40 वर आणलं तर 16 पीपीएम, साडेतीन लिटरच्या आसपास. (हायपो दुकानात 12 टक्क्याचं म्हणून मिळतं, पण उन्हात कॅन राहिला की ताकद उतरते, म्हणून मी 10 टक्केच धरून हिशोब करतो.)

पाणी एका बाजूनं सोडत दुसऱ्या बाजूनं भरू नका. नवीन पाणी जुन्यात मिसळत जातं आणि तेच पुन्हा बाहेर जातं. जास्त पाणी लागून आकडा कमी उतरतो. आधी काढा, मग भरा. काढायच्या आधी क्लोरीन टाकणं बंद करून पाणी उन्हात पडू द्या आणि किटवर क्लोरीन शून्य आलं की नारळीच्या आळ्यात, बागेत फिरवा. मोरचूद मारलेलं पाणी मात्र बागेत नको आणि ओढ्यात तर नकोच नको. तांबं मासे मारतं.

भरायचं पाणी कुठलं यावरही बरंच अवलंबून आहे. शहरातल्या नळाला येणारं नदीचं, धरणाचं पाणी तुलनेनं मऊ असतं. मळ्यातल्या बोअरचं पाणी काळ्या दगडातनं येतं, कुठं बरं, कुठं इतकं जड की महिन्याभरात फरशीवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो. बोअरच असेल तर भरल्यावर पहिल्यांदा हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि लोखंड तपासून घ्या, मग पुढचं ठरवा.

आता मारा. पीएच 7.2 ते 7.4 च्या दरम्यान आणून घ्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हायपो पंप चालू ठेवून रिटर्नच्या (फिल्टरमधनं पाणी टँकमध्ये परत येतं त्या) तोंडापाशी हळूहळू सोडा. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, लाईटच्या खोबणी ब्रशनं घासा. शेवाळाचा वरचा थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. दिवसातनं दोन-तीनदा मोकळं क्लोरीन मोजा आणि 16 च्या खाली गेलं की पुन्हा चढवा. इथंच बहुतेकांची गाडी घसरते. संध्याकाळी एकदा ओततात, सकाळी पाणी निळसर दिसतं, काम झालं म्हणून सोडून देतात. निम्मं मेलेलं शेवाळ चार दिवसांत परत उठतं.

थांबायचं कधी? पाणी नितळ झालं पाहिजे, आणि रात्रीची टेस्ट पास झाली पाहिजे. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजून ठेवा, सकाळी ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, पोरं नसतात. तरीही क्लोरीन 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात ते खाणारं काहीतरी जिवंत आहे. अशा वेळी मी फिल्टरचं झाकण, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या) टोपलीखालचा भाग आणि फ्लोटरची आतली बाजू बघतो. शेवाळ लपून बसायच्या या ठरलेल्या जागा.

मेलेलं शेवाळ पाणी करडं, धुरकट करतं. ते फिल्टरनं हळूहळू जातं. घाई असेल तर तुरटी. गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचा चीक घातला की रसातली मळी एकत्र येऊन वर तरंगते, तसंच तुरटी बारीक कणांना एकत्र गोळा करते. फरक एवढाच की इथं गाळ खाली बसतो. तुरटीचं पाणी फिरवायचं ते फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याचा रस्ता बदलणारा) रीसर्क्युलेटवर ठेवून, फिल्टरमधनं नव्हे. मग पंप बंद करून रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी तळाशी बसलेला थर व्हॅक्यूमनं उचलायचा आणि व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून थेट बाहेर टाकायचा. तो थर फिल्टरमधनं फिरवला की आतल्या वाळूचा गोळा होतो. तुरटी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची ताकद) खाते, त्यामुळं नंतर ती तपासा.

फिल्टर आणि लाईट

गेजवर स्वच्छ फिल्टरचं प्रेशर किती असतं ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. त्यावर 8-10 पीएसआय वाढलं की बॅकवॉश, पाइपवरच्या काचेतलं पाणी नितळ दिसेपर्यंत, आणि नंतर अर्धा मिनिट रिन्स. रिन्स न करता फिल्टरवर आणलं तर सुटलेली घाण परत टँकमध्ये येते. मल्टिपोर्टचा दांडा पंप चालू असताना कधीच फिरवायचा नाही. वाळू पाच-सात वर्षांनी बदला.

पंप किती तास? अख्ख्या टँकचं पाणी दिवसातनं किमान एकदा, उन्हाळ्यात दोनदा फिल्टरमधनं गेलं पाहिजे. मळ्यात अडचण अशी की पंप शेतीच्या थ्री फेज लाईनवर जोडलेला असेल तर लाईट कधी दिवसा, कधी रात्री. मग "टायमर लावलाय" याला काही अर्थ राहत नाही. टँकचा पंप शक्यतो घरच्या सिंगल फेजवर घ्या.

पीएच आणि अल्कलिनिटी

हा भाग सगळीकडं लिहिलेला असतो, म्हणून थोडक्यात. पीएच 7.2 ते 7.8, अल्कलिनिटी 80 ते 120. सायनुरिक नसलेल्या पाण्यात पीएच 7.5 ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं आणि 8 ला जेमतेम पाव. गोळी आंबट आहे, ती पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही खाली ओढते. त्यामुळं गोळीवाल्या टँकमध्ये सिमेंटचे सांधे झिजलेले दिसतात, हीटर असेल तर त्याचं तांबं सुटतं. अल्कलिनिटी 10 ने वाढवायला वरच्या टँकला 400 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. पीएच 7.8 वरनं 7.5 वर आणायला साधारण 200 मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड. एकदम जास्त ओतण्यापेक्षा एवढं घालून, पंप दोन-तीन तास चालवून पुन्हा मोजा. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

मग रोज काय टाकायचं

रोजचं काम हायपोवर चालवा. या टँकला एक लिटर 10 टक्के हायपोनं साडेचार पीपीएमच्या जवळ क्लोरीन वाढतं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी 600-700 मिली, थंडीत त्याच्या निम्मं. नेमका आकडा तुमचं किट सांगेल. कॅन सावलीत ठेवा आणि एका वेळी महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त आणू नका.

गावाकडं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सहज मिळते, ग्रामपंचायतीच्या टाकीला तीच पडते. तिच्यात सायनुरिक नाही, ही मोठी जमेची बाजू. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, ओल लागलेल्या पोत्यात बरंच कमी. पण तिच्यात चुना असतो. सरळ टँकमध्ये फेकली तर पाणी दुधाळ होणार; ते वर म्हटलेलं पांढरं पाणी बऱ्याचदा हेच असतं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवा, तासभर बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टँकमध्ये सोडा. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर टीसीएल नकोच.

इथं एक धोका आहे, तो नीट वाचा. गोळीचा चुरा आणि टीसीएल किंवा हायपो एकमेकांना लागू देऊ नका. एकच मग, एकच बादली, एकच फ्लोटर दोन्हींना वापरला तर पेट घेऊ शकतं, स्फोट होऊ शकतो. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. पंपरूममध्ये ॲसिडचा कॅन आणि क्लोरीनचा कॅन शेजारी शेजारी ठेवलेले मी जागोजागी बघतो. एक पंपरूममध्ये, एक बाहेर पत्र्याखाली, असं वेगळं करा, आणि मगावर मार्करनं नाव लिहा.

आपल्याकडचे खास दिवस

गळिताचा हंगाम चालू झाला की तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलं जातं आणि काळी राख वाऱ्यानं थेट टँकमध्ये. स्किमरची टोपली त्या दिवसांत रोज रिकामी करा. राखेनं पाणी काळपट दिसतं म्हणून लोक क्लोरीन वाढवतात. त्याचा उपयोग नाही, ते काम जाळीचं आणि फिल्टरचं. शेजारच्या उसाला टाकलेलं खत पावसाच्या पाण्याबरोबर टँकमध्ये उतरत असेल तर मात्र शेवाळाला आयतं खाद्य. टँकच्या कडेचा उतार बाहेरच्या बाजूला असला पाहिजे. फॉस्फेट काढायची महागडी औषधं मी सहसा सुचवत नाही. क्लोरीन आणि सायनुरिकचा मेळ बसला असेल तर खाद्य असूनही शेवाळ तग धरत नाही.

आपल्याकडं रंगपंचमीचा जोर मोठा. रंग खेळून पोरं सरळ टँकमध्ये उड्या मारतात. फार्महाउसवर हळदीचे कार्यक्रम होतात, तिथं तर नवरदेवासकट सगळी वरात पाण्यात. रंग, हळद, डोक्याचं तेल, घाम हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं. अशा कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी क्लोरीन थोडं वरच्या बाजूला ठेवा आणि पाहुणे गेले की त्याच रात्री मोजून भर घाला, सकाळची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरले, उग्र वास आला तर लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. तो वास घामा-लघवीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी मोकळं क्लोरीन. टँकमध्ये उतरण्याआधी साबण लावून अंघोळ केली तर निम्मं काम तिथंच होतं, पण पाहुण्यांना हे सांगणार कोण!

आणि पाऊस. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण एक मीटर पाऊस पडतो, गगनबावड्याकडं त्याच्या कितीतरी पट. वरच्या उदाहरणातल्या टँकवर एक मीटर पाऊस म्हणजे साडेअठरा हजार लिटर पाणी, जवळजवळ टँकभर. ओव्हरफ्लो मोकळा असेल तर पावसाळाभरात सायनुरिक आपोआप निम्म्यावर येऊ शकतं. म्हणूनच गोळीवर चालणारा टँक दिवाळीत छान दिसतो, मालकाला वाटतं गोळीच भारी, आणि उन्हाळ्यात परत तोच फोन. ओव्हरफ्लोची पाइप पालापाचोळ्यानं तुंबली आहे का, ते मृगाच्या आधी बघून घ्या. पावसाचं पाणी अल्कलिनिटी आणि हार्डनेसही पातळ करतं, त्यामुळं पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी अल्कलिनिटी आणि पीएच तपासायला विसरू नका. पोहायला कुणी येत नाही म्हणून पंप बंद ठेवला तर ढगाळ दिवसांतही शेवाळ धरतंच.

पाणी बदलायचं काम मात्र पावसाळ्यावर टाकू नका. जमिनीत पाणी चढलेलं असताना टँक रिकामा केला तर खालचं पाणी तळाला वर ढकलतं, फरशी उखडते, फायबरचा टँक असेल तर तो अख्खा उचलला जातो. पंचगंगेच्या काठाजवळ, सखल भागात, काळ्या मातीत हा धोका जास्त. पाणी काढायचं ते एप्रिल-मेमध्ये, तेही जवळच्या विहिरीची पातळी टँकच्या तळापेक्षा खाली आहे हे बघून, आणि एका वेळी पूर्ण रिकामा न करता तळाशी फूटभर पाणी ठेवून.